पावसाळ्यातली शेंबी: दुर्लक्षित, पण थक्क करणारी

पावसाळ्यात आंबोलीला निसर्गभ्रमंतीसाठी येणाऱ्या बहुतेकांचे डोळे मलबारी चापडा हा साप आणि उडता बेडूक शोधत असतात. ओल्या पाचोळ्यावरून सरकणाऱ्या शेंबीकडे, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीकडे, कोणाचे लक्ष जात नाही आणि गेलेच तर किळसच व्यक्त होते. ही उपेक्षा मला मनापासून खटकते, कारण याच आंबोलीच्या नावाने २०२१ साली ‘वरदिया अंबोलिएन्सिस’ या अर्ध-शेंबीची विज्ञानाला नव्याने ओळख झाली. ती केवळ नवी प्रजाती नव्हती, तर तिच्यासाठी ‘वरदिया’ हा नवा वंश (जीनस), म्हणजे प्रजातीच्या वरची नवी पातळी करावी लागली आणि तिचे नाव सरीसृपतज्ज्ञ डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ ठेवले गेले.

अर्ध-शेंबीच्या पाठीवर कवच असते, परंतु ते इतके लहान असते की संकट आल्यावर तिला त्यात शिरता येत नाही. गोगलगायींच्या अनेक वेगवेगळ्या घराण्यांत कवच असे स्वतंत्रपणे आक्रसत गेले किंवा नाहीसे झाले, त्यामुळे सगळ्या शेंबी एकमेकींच्या जवळच्या नातलग नाहीत. कवच गेल्याने झाडाच्या सालीखालच्या फटीत शिरता येते आणि ते बांधण्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची गरजही घटते. मात्र अंग सुकण्याचा धोका वाढतो, म्हणूनच शेंबी बहुधा रात्री किंवा पावसातच बाहेर पडते.

तिच्या डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकांवर डोळे असतात, तर खालची आखूड जोडी वास आणि चव ओळखते. तोंडात कानशीसारखी पट्टी असून तिच्यावर हजारो सूक्ष्म दात असतात. जमिनीवरच्या बहुतेक शेंबी एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असतात. तिच्या चिकट स्रावाचे महत्त्व तर प्रयोगशाळेतही पटले आहे: युरोपातील एका शेंबीच्या बचावात्मक स्रावावरून कल्पना घेऊन अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रक्ताने ओल्या झालेल्या ऊतींनाही चिकटून राहणारा पदार्थ तयार केला आणि ते संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले.

२०२२च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती, त्यामुळे शेतकऱ्यांचा राग मला पूर्णपणे समजतो आणि पिकावरच्या किडीचे नियंत्रण झालेच पाहिजे. परंतु तो राग जंगलातल्या प्रत्येक शेंबीवर काढणे अन्यायाचे आहे. तिथे कुजका पाला आणि बुरशी खाऊन त्यांचे मातीत रूपांतर करण्याच्या कामात यांतील अनेक प्रजातींचा वाटा असतो. केवळ गंमत म्हणून शेंबीवर मीठ टाकण्याचा प्रकार तर ताबडतोब थांबला पाहिजे. मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते आणि ती तडफडून मरते.

काही शेंबींमध्ये माणसाच्या मेंदूला अपाय करू शकणारे परजीवी कृमी असतात, म्हणून तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि लहान मुलांनाही करू देऊ नये. छायाचित्र मात्र जरूर घ्यावे आणि शक्यतो उजव्या बाजूने घ्यावे, कारण पुष्कळ शेंबींचे श्वासाचे छिद्र त्याच बाजूला असते आणि थोडा वेळ थांबल्यास ते उघडताना व मिटताना स्पष्ट दिसते.