म्हणे ससा शांतपणे जातो

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मथितार्थ असा: म्हाताऱ्या सशाने खाणं सोडलं की त्याची वेळ भरली, दवाखान्यात हिंडवू नका, दोन-तीन दिवसांत तो विनात्रास जातो, मरणाचं इंजेक्शन म्हणजे खून, कायद्यानेही गुन्हा, आणि हे सगळं परदेशी खूळ. खाली हात जोडलेले. पाठवणाऱ्यांची माया खरी असेल, पण मजकूर सशाच्या जिवावर उठलेला आहे.

‘खाणं सोडलं म्हणजे वेळ भरली.’ मुळीच नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवताऐवजी पोळी-बिस्किटांवर वाढवला तर ते झिजत नाहीत, दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलवटून निघतात. असा ससा भुकेला असतो. वाटीपाशी येतो, कोथिंबिरीची काडी उचलतो नि टाकून देतो. हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले असतात. भूल देऊन दाढा घासल्या की असे बरेच ससे पुन्हा खाऊ लागतात. म्हणजे नुसतं वय झालं म्हणून इंजेक्शन द्यायचं नाही आणि वय झालं म्हणून उपाशीही ठेवायचं नाही.

‘विनात्रास जातो.’ हे सर्वांत घातक. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. पोटात काही गेलं नाही की ते मंदावतं, वायू धरतो, पोट ताणतं, यकृतावर चरबी चढते. बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. तो ओरडत नाही, कारण शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं. पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसणं, अर्धवट मिटलेले डोळे, करकर वाजणारे दात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या झालेल्या लेंड्या, हेच त्याचं ओरडणं. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचा पिंजरा!

‘कायद्याने गुन्हा.’ इच्छामरणावरचा २०११चा अरुणा शानबाग निकाल माणसांबाबत होता, तो इथे ओढू नये. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ रोखतं ते हृदयात स्ट्रिक्निन हे विष टोचून किंवा तशाच विनाकारण क्रूर रीतीने मारणं. कलम १३ तर मान्यच करतं की कधीकधी जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता असते.

परदेशी खूळ? १९२८ साली साबरमती आश्रमातल्या तडफडणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन दिलं गेलं. गदारोळ तेव्हाही झाला होताच.

‘इंजेक्शनने तडफडतो’ असं त्या मेसेजखाली कुणीतरी जोडलंय. ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. शुद्धीवर असलेल्या जनावराला थेट मॅग्नेशियम सल्फेट टोचलं तर हाल होतात. नीट पद्धत म्हणजे आधी गुंगी, मग भुलेच्या औषधाचा जादा डोस. डॉक्टरांना हे तोंडावर विचारा, संकोच नको. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात ससा नेला की लोक हसतात, हसू द्या. तिथे जमलं नाही तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दात बघून झाले, वेदनाशामक देऊन झालं, तरी तो स्वतःहून खात नसेल, स्वतःच्याच मुतात पडून राहत असेल, तर इंजेक्शनची तारीख ठरवा. आणि माणसांच्या गोळ्या अंदाजाने चारू नका.