फळीवरची वाइन, तळघरातली वाइन

2022 च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या फडणवीसांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हटलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने द्राक्ष बागायतदाराचा फायदा पुढे केला. मी इटलीतल्या तुरीनमध्ये राहतो, इथे दुकानात वाइन पास्त्याच्या पलीकडच्या फळीवर असते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला!

वाइन म्हणजे दारू नव्हे, हे संजय राऊतांचं म्हणणं मला पटत नाही. 1986 मध्ये इथल्याच कुनेओ प्रांतातल्या एका व्यापाऱ्याच्या वाइनमध्ये विषारी मिथेनॉल निघालं आणि वीसहून जास्त माणसं दगावली. पण शेतकऱ्याचा मुद्दा खरा आहे. फक्त त्याचं उत्तर फळीवर नाही.

तासाभरावर बारोलो गाव आहे, त्याच नावाच्या वाइनचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले शेतकरी जवळच्या आल्बा शहराच्या बाजारात द्राक्षं नेत आणि व्यापारी देईल तो भाव घेत. पोरं फियाटच्या कारखान्यात गेली. चित्र पालटलं ते घराघरांनी आपल्या द्राक्षांची वाइन स्वतःच्या नावाने बाटलीत भरायला लागल्यावर. कायद्याने बारोलो 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. म्हणजे 2021 ची द्राक्षं 2025 उजाडल्याशिवाय बाजारात येत नाहीत. तोवर पैसा तळघरात अडकलेला.

अशाच एका घराचे बार्तोलो मास्कारेल्लो. छोट्या नव्या पिंपांची फॅशन आली तरी ते आजोबांच्या काळातल्यासारख्या मोठ्या जुन्या पिंपांनाच धरून राहिले आणि हाताने रंगवलेल्या लेबलवर लिहिलं, ‘नो बारीक, नो बर्लुस्कोनी’. ‘बारीक’ (barrique) हे त्या छोट्या पिंपांचं नाव, बर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे पंतप्रधान राहिलेले नेते. ते 2005 मध्ये गेले. आता मुलगी मारिया तेरेसा कारभार पाहते. ही वाइन ग्लासात फिकट, कडेला विटकरी. पहिल्या घोटाला सुपारी चघळल्यासारखी जीभ आकसते.

दिंडोरीचा बागायतदार मात्र बहुतेक वेळा कंपनीशी करार करून द्राक्षं देतो आणि मोकळा होतो. बाटलीवर नाव कंपनीचं, मुरवण्याचा नफाही तिचाच. त्याला स्वतःची वाइनरी काढायला स्वस्त कर्ज आणि सोपा परवाना मिळणार का, हे ग्रुपवर कोणी विचारलंच नाही. विधानसभेतल्या आरडाओरड्यातही मला ते ऐकू आलं नाही.