‘धाक ठेवा, पोर बिघडणार नाही’ हे खरं नाही

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘संस्कारी घरातलं पोर नशेच्या वाटेला जात नाही. आईबापाचा धाक ठेवा, हातात पैसा देऊ नका, वाईट संगत तोडा. घरात त्या विषयाचं नावही काढू नका. आणि सापडलाच, तर पोलिसांच्या ताब्यात द्या, अद्दल घडेल.’ मी वीस वर्षं आठवी-नववीला शिकवते आहे. हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

आधी पैशाचं. नशा म्हटलं की आपल्याला पार्ट्या आणि पावडरीच्या पुड्या आठवतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या खिशात मात्र रुमाल सापडला होता. खळ लावल्यासारखा कडक, पांढऱ्या डागांचा, नाकाजवळ धरवेना असा वास. व्हाइटनर. मुलगा पहिल्या पाचांत येणारा, रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणणारा. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्या माणसांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला हा नशेचा एकमेव प्रकार. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्यूशन, पेट्रोल. यातलं काय घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात नसतं? खाऊचे पैसे बंद करून हे बंद होत नाही.

संगतीचा परिणाम होतो, हे मान्य. पण ‘पळ रे, टपरीवरून माझी पुडी घेऊन ये’ हे सांगणारा मित्र नसतो, काका असतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आपणच त्याला टपरीची वाट दाखवतो. आपल्या हातातली पुडी सुटत नसेल, तर निदान ती आणायला पोराला धाडू नका.

नाव काढू नका म्हणे! ते नाव मुलांनी आपल्याआधी ऐकलेलं असतं.

पोलिसांचं तर फारच घातक. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक आहे, पण त्यातच कलम ६४ अ आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. म्हणजे कायदासुद्धा आधी उपचाराचं दार उघडं ठेवतो. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. पहिला फोन तिथे करा.

राहिला धाक. शिस्त नको, असं मी म्हणत नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे रात्री बाहेर राहायच्या वेळा ठरवल्या, पालकांनी एकत्र येऊन नियम पाळले. पण त्याच्या जोडीला खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी पैसे दिले, आणि आईवडिलांनी मुलांसोबत रोज वेळ काढावा यावर भर दिला. नियम आणि सहवास दोन्ही होतं. आपला मेसेज नुसता वचक मागतो.

त्या मुलाच्या घरी वचक भरपूर होता. वडील शाळेत आले तेच हात उगारून. आईने तो हात धरला, मुलाशेजारी बाकावर बसली आणि हळूच विचारलं, “कधीपासून रे, बाळा?”

“दिवाळीच्या सुट्टीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

त्याने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.