कॉम्प्युटर बंद पडला म्हणून लायसन्स की जात नाही

लायसन्स कीबद्दल, म्हणजे विंडोज किंवा ऑफिस ॲक्टिव्हेट करायच्या २५ अक्षरी कोडबद्दल, सध्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "चालू कॉम्प्युटरमधून कुठल्याही फुकट टूलने की निघते आणि ती कुठेही चालते. पण मशीन चालूच होत नसेल तर की कायमची गेली. डिस्क फॉर्मॅट करा, नवीन लायसन्स घ्या." मी दुरुस्तीचं काम करतो. या सल्ल्यामुळे लोकांचे पैसे हकनाक जातात, म्हणून हे लिहितोय.

"की कायमची गेली." बहुतेक वेळा जळलेला असतो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड. जुन्या विंडोजची की असते डिस्कवर, विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, 'सॉफ्टवेअर' नावाच्या फाइलमध्ये. ती वाचायला जुनं मशीन चालू व्हावं लागत नाही. एका छापखान्याचं विंडोज ७ चं असेंबल केलेलं मशीन माझ्याकडे आलं, बोर्ड पार गेलेला. बिल नाही, कॅबिनेटवरचा स्टिकर घासून पांढरा झालेला. हार्ड डिस्क काढली, साटा-यूएसबी केबलने माझ्या मशीनला जोडली आणि प्रोड्यूकी या की वाचणाऱ्या फुकट टूलला त्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवला. विंडोज आणि ऑफिस २०१०, दोन्हींच्या २५ अक्षरी की समोर आल्या. छापखान्याचे काका वहीत उतरवून घेताना दर गटाला विचारत होते, "हा बी आहे की आठ?" विचारलं ते बरंच केलं, कारण या कींमध्ये दोन्ही येतात. त्यांच्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी लॉकमध्ये (पेन ड्राइव्हसारख्या किल्लीत) होतं, ते नुसतं नव्या मशीनला लावलं.

ब्रँडेड विंडोज ७ मशीनवर मात्र डिस्कमधून कंपनीची सामाईक की निघते. खरी की स्टिकरवरची, तेव्हा स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

"कुठल्याही टूलने निघते." नाही. ऑफिस २०१३ पासून डिस्कवर कीची शेवटची पाचच अक्षरं राहतात. बिल किंवा ई-मेल जुळवायला ती उपयोगी, पूर्ण की मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. विंडोज १० डिजिटल लायसन्सवर (कीऐवजी मशीनशी किंवा खात्याशी जोडलेल्या लायसन्सवर) असेल तर टूल जी की दाखवतं ती असंख्य मशीनवर तीच असते. तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून बघा. विंडोज ८ पासूनच्या, म्हणजे २०१२ नंतरच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की बोर्डवरच्या चिपमध्ये असते. डिस्क गेली आणि बोर्ड शाबूत असेल तर तीच आवृत्ती पुन्हा टाका, विंडोज की स्वतः उचलतं. बोर्डच गेला तर ती की गेली, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर दुसऱ्या मशीनवर डिस्क उघडतच नाही. ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधी तिथे बघा.

"कुठेही चालते." रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, लायसन्स नव्या मशीनवर नेता येतं, मशीनसोबत आलेलं ओईएम नाही. की हाती आली तरी हा फरक राहतोच.

प्रोड्यूकीवर अँटिव्हायरस ओरडतो, कारण ते की वाचतं. ते बनवणाऱ्या निरसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, क्रॅक देणाऱ्या साइटवरून अजिबात नको.

आणि फॉर्मॅट? एवढं एकच करू नका. नव्या मशीनवर शेवटचा प्रोग्रॅम ॲक्टिव्हेट होईपर्यंत जुनी डिस्क कपाटात राहू द्या.