बेंबीवरचा रुपया जांघेत कशाला?

परवा बहिणीचा फोन. "दादा, ऑपरेशन पुढं ढकलूया काय?" तिचं बाळ चार महिन्यांचं. रडलं की उजव्या जांघेत गोळा येतो. डॉक्टरांनी अंतर्गळ, म्हणजे हर्निया सांगून दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिलीय. पण राजारामपुरीतल्या चुलतसासूबाईंनी मेसेज पाठवला: "नाणं ठेवून पट्टा बांधा, वर्षात आपोआप बसतो. दुर्बिणीत जाळी टाकतात, पुढं मूल होत नाही. भुलीनं मेंदू मंद होतो."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर पट्टा बांधूनही झालेला!

नाण्याचा उपाय मुळात बेंबीच्या हर्नियाचा. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांत आपला आपण बुजतो, आणि श्रेय रुपयाला मिळतं. जांघेचं तसं नाही. आंड पोटातून ज्या वाटेनं खाली उतरतं, ती जन्मानंतरही उघडी राहिली की आतडं त्यातून बाहेर येतं. पट्टा बांधून ती वाट शिवली जात नाही. उलट आतडं अडकलेलं असेल तर वरून दाबणं घातक, आणि पट्ट्याखाली काय चाललंय ते दिसतही नाही. अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात जास्त. गोळा कडक झाला, लाल-निळा पडला, बाळ हिरवी उलटी करायला लागलं, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. अडकलेल्या आतड्यानं आंडाचा रक्तपुरवठा दबतो. पुढं मूल होण्याची एवढी काळजी असेल, तर भीती याची धरा.

जाळी मोठ्या माणसांना. तान्ह्या बाळाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनात बेंबीतून बारीक कॅमेरा घालून त्या वाटेचं तोंड फक्त दोऱ्यानं बांधतात. दुसऱ्या बाजूची वाट उघडी आहे का, तेही दिसतं. वीर्यनलिका शेजारीच असते, म्हणून हात सरावाचा हवा. पण हे छेद देऊन केलेल्या ऑपरेशनलाही लागू. तीही पद्धत चांगलीच आहे, दुर्बीण म्हणजे काही जादू नव्हे.

भुलीचं म्हणाल तर सात देशांतल्या ७२२ बाळांवर चाचणी झालीय, तीही नेमकी याच ऑपरेशनच्या बाळांवर. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पाचव्या वर्षी बुद्ध्यांक मोजला, दोन्हीकडं सारखा. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. त्यातली भूल एकदाच आणि साधारण तासाभराची होती, हे खरं. आमच्या बाळालाही एकदाच द्यायचीय.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, जिवावर आलं तरी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत थोडं थांबलेलं बरं, असं २०२४ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं: लवकर केलेल्यांत गंभीर त्रास २८ टक्के, उशिरा केलेल्यांत १८. पण ते थांबणं डॉक्टरांच्या नजरेखालचं, नाण्याच्या भरवशावरचं नव्हे. आणि आमचं बाळ पुऱ्या दिवसांचं आहे.

तारीख गुरुवारची. पट्टा माझ्या पिशवीत आहे.