खुलासा : १९८४ मध्ये मिनेसोटा रेगन यांच्याकडे गेलं नव्हतं

"१९८४ साली रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेतली पन्नासच्या पन्नास राज्यं जिंकली, वॉल्टर माँडेल यांना स्वतःचं राज्यसुद्धा राखता आलं नाही," असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांनी ४९ राज्यं जिंकली. पन्नासावं, मिनेसोटा, हे त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी माँडेल यांचं स्वतःचं राज्य; ते माँडेल यांच्याकडेच राहिलं.

पण कसं राहिलं ते बघा. माँडेल यांना १०,३६,३६४ मतं, रेगन यांना १०,३२,६०३. फरक फक्त ३,७६१ मतांचा! म्हणजे १,८८१ मतदारांनी बाजू बदलली असती, तर फिरणारा मजकूर खरा ठरला असता. तिथे मिनेसोटासह बहुतेक राज्यांत ज्याची मतं जास्त, त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं (राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर) मिळतात. म्हणून मिनेसोटाची दहाही माँडेल यांच्या पदरात पडली. राजधानी वॉशिंग्टनची तीन धरून त्यांची बेरीज तेरा, रेगन यांची ५२५. (राजधानीचा प्रदेश राज्यांत मोजत नाहीत.)

स्वतःचं राज्य गमावणारे उमेदवार होते डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न, तेही १९७२ साली. त्यांचं साउथ डकोटा रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्याकडे गेलं आणि त्यांच्या वाट्याला राज्य आलं ते एकटं मॅसॅच्युसेट्स. मला वाटतं, या दोन निवडणुकांचीच सरमिसळ झाली आहे. मिनेसोटाने रिपब्लिकन उमेदवाराला शेवटचा कौल दिला तोही त्याच १९७२ मध्ये. माँडेल यांनी मिनेसोटा राखलं होतं, हे कृपया दुरुस्त करूनच पुढे पाठवा.