‘तीन उकळ्या’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून त्यातले जंतू मारा, म्हणजे पाश्चराइज करा, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ७२ अंश आणि १५ सेकंद हे गणित डेअरीत ठीक, आमच्या चोपडा गावच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर धरून कोण बसणार? तुमच्याकडे म्हशीचं दूध दिवसातून तीनदा उकळतात आणि आजवर कोणाला काही झालं नाही. वर शेरा, ‘तुमना थर्मामीटर तुमलेच लखलाभ!’

पहिला मुद्दा मान्य. १५ सेकंदांचा आकडा घरासाठी द्यायलाच नको होता. डेअरीत दूध प्लेटांच्या फटींतून पातळ थरात वाहतं, म्हणून सगळं दूध ७२ ला पोचतं. पातेल्यात बुडाशी कढत आणि वर कोमट असं सहज राहतं. घरी दोनच रस्ते: ढवळत राहून ६३ अंशांवर सलग ३० मिनिटं, नाहीतर सरळ उकळी. थर्मामीटर नसेल तर उकळीच.

ती मात्र नीट आणा. जाड बुडाचं पातेलं पाण्याने विसळा, पुसू नका, म्हणजे दूध कमी लागतं. मध्यम आच, आणि पळी बुडापर्यंत फिरवत राहा. न ढवळता आलेला ऊत फसवा असतो: वर साय धरते, खालची वाफ तिच्यात अडकते आणि दूध भसकन वर येतं. त्यावरून आतलं सगळं सारखं तापलंय असं ठरत नाही. ऊत आल्यावर आच कमी करून ढवळत आणखी दोन मिनिटं ठेवा, बस्स. क्षयाचे आणि ब्रुसेलाचे (जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचे) जंतू त्याच्या कितीतरी आधीच मेलेले असतात.

आता तुमच्या तीन उकळ्या. फ्रीज नसेल, वीज गेली असेल, तर दर चार-पाच तासांनी उकळणं हा नाइलाजाचा पण कामाचा उपाय आहे. कॅल्शियम त्याने जात नाही. ब-१, ब-१२ आणि मुळात थोडंच असलेलं क जीवनसत्त्व घटतं. माझी हरकत आहे ती दोन उकळ्यांच्या मधल्या वेळेवर. बॅसिलस सेरियससारख्या अन्न बिघडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची झोपलेली रूपं, उकळीत मरत नाहीत, उलट त्या चटक्याने जागे होतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो. ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध तासन्‌तास कोमटच राहतं आणि त्यांचं फावतं. वाढताना काही जंतू जे विष सोडतात ते पुढच्या उकळीने नष्ट होत नाही. जंतू मरतात, विष उरतं. दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीचं दूध उकळूनही घेऊ नये, त्याचं एक कारण हेच.

म्हणून उकळण्याइतकंच निववणं महत्त्वाचं, आणि मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं होतं. १ लिटर दुधाचं पातेलं ३ लिटर पाण्यात ठेवा आणि ढवळा. पाणी ३० अंशांचं असेल तर ते तापून दूध साधारण ४५ ला थांबतं. पाणी बदला, की ३५ च्या आसपास येतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नको, उन्हाळ्यात दुपारी तेच हाताला पोळतं. माठातलं घ्या, बर्फ असेल तर दुसऱ्या पाण्यात टाका. मग लगेच फ्रीजमध्ये. उकळी उतरल्यापासून तासाच्या आत हे झालं पाहिजे.

पिशवीच्या दुधाचे क्रेट दुकानाबाहेर उन्हात पडून असतात, हा तुमचा टोला मात्र बरोबर आहे. ते पाश्चराइज्ड असतं, गार राहिलं तर उकळायची गरज नाही, असं मी लिहिलं. पण दुकानाबाहेर उन्हात क्रेट पडलेला दिसला तर तो नियम विसरा आणि घरी आणताच उकळा.

शेवटी शिट्टीच्या दूध कुकरबद्दल विचारलंत. चांगली वस्तू. दुहेरी भिंतीत पाणी असल्याने दूध करपत नाही, उतू जात नाही. पण शिट्टी वाजते ती भिंतीतलं पाणी उकळल्याची. तेव्हा दूध पाण्याच्या मागेच असतं. शिट्टीनंतर आच बारीक करून ५ मिनिटं ठेवा, मधे एकदा ढवळा. आणि दर वेळी भिंतीतलं पाणी पुरेसं आहे ना ते आधी बघा, ते आटलं तर कुकरच जळतो.